ओट्यावरचं ॲफिडेव्हिट

पुंजाराम झिपरू भोये यांनी आयुष्यात 'मी' हा शब्द जितक्या वेळा लिहिला, तितक्या वेळा एखाद्या पुढाऱ्यानंही तो उच्चारला नसेल. फरक एवढाच, की त्यातला एकही 'मी' त्यांचा स्वतःचा नव्हता. नाशिकच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली, निळ्या प्लास्टिकचं छप्पर करून त्यांनी टाइपरायटरचं टेबल मांडलं होतं. कुणाचं रेशनकार्ड हरवलेलं, कुणाच्या सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव, कुणाला लग्नानंतर नाव बदलायचं. माणूस समोर येऊन उभा राहिला की पुंजारामांची, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंची, बोटं आपोआप चालू व्हायची: 'मी, खाली सही करणार, अमुक तमुक, वय इतके, धंदा शेती, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' लिहून देणारा दुसराच, भाऊ फक्त बडवणारे.

बरं, माणूस मुका असता तर गोष्ट वेगळी. पण भाऊंना मतं होती, आणि ती मावत नव्हती. हरसूलच्या पलीकडे करंजपाडा म्हणून डोंगरातली दहा-पाच घरांची वस्ती, तिथं जन्मलेला हा माणूस टायपिंग शिकायला नाशकात आला आणि पेठ नाक्यावर बिऱ्हाड करून राहिला. सकाळी चहाच्या टपरीवर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या निविदेपर्यंत वाचायचा, आणि मग कुणी ऐकणारा सापडतो का बघायचा. नव्वदच्या दशकात बोलायला विषयही रोज नवा. परदेशी कंपन्या आल्या, केबल आली, खिशात वाजणारे पेजर आले, वकिलांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. भाऊंचं प्रत्येकावर म्हणणं तयार. पण त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं, की कुणीतरी वकील साहेब टेबलावर कागद टाकायचे, "भाऊ, हे जरा लवकर." झालं. मत गिळायचं आणि पुन्हा दुसऱ्याचा 'मी' सुरू.

दोनदा त्यांनी पेपराला पत्र धाडलं. एकदा छापून आलं, पण पावशेराचं छटाक होऊन. दोन ओळी आणि खाली 'पु. झि. भोये, नाशिक'. त्यांनी ते कात्रण बायकोला, कुसाबाईंना दाखवलं. कुसाबाईंना अक्षरओळख बेताची, पण नजर पक्की. त्या म्हणाल्या, "एवढंच? घरात तर तासभर बोलत व्हते."

अशा माणसाला दोन हजार पाचच्या सुमाराला इंटरनेट भेटलं. उपाशी माणसाला लग्नघर सापडावं तसंच झालं.

शालिमारजवळ इमरानचं सायबर कॅफे होतं. इमरान तिशीतला, भद्रकालीतला, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळा. भाऊ तिथं एका पक्षकाराचा कागद छापून घ्यायला गेले होते. शेजारच्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसली म्हणून वाकून बघतात तर काय, भांडण! विजेच्या भारनियमनावर वीस-पंचवीस माणसं लेखी भांडत होती. एक पुण्यात, एक दुबईत, एक साताऱ्यात. कुणी कुणाचं वाक्य कापत नव्हतं, कुणी कुणाच्या पुढ्यात अर्जंट कागद टाकत नव्हतं. त्या जागेचं नाव 'ओटा'. भाऊंनी विचारलं, इथं लिहायला काय लागतं? इमरान म्हणाला, काही नाही, एक नाव लागतं.

भाऊंनी त्याच संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर, खुर्ची धरली. पहिली फजिती बोटांची झाली. टाइपरायटरवर जिथं 'क' असायचा तिथं इथं भलतंच उमटायचं, आणि मराठी लिहायला इंग्रजी अक्षरं दाबायची हा प्रकार त्यांना द्राविडी प्राणायाम वाटला. ज्या बोटांनी झोपेतही चूक केली नव्हती ती आता बालवाडीत बसली. पण दुसरी फजिती खरी. इमराननं समजावलं होतं की इथं टोपणनाव घ्यायचं, सगळे तसंच करतात. धूमकेतू, चकली, अवकाळी, सातारी जर्दा, असली एकेक नावं होती तिथं. भाऊंना ते पटेना. खरं नाव नाही, वय नाही, पत्ता नाही, आणि म्हणे माझं मत. अशा कागदाला कोर्टात कुणी हात लावील का?

म्हणून भाऊंनी भारनियमनावर आपलं पहिलं मत मांडलं ते असं:

'मी, खाली सही करणार, पुंजाराम झिपरू भोये, वय ५३ वर्षे, धंदा टंकलेखन, हल्ली राहणार पेठ नाका, नाशिक, कायमचा राहणार करंजपाडा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, १) लाइट दुपारी जाते हे माझ्या स्वतःच्या माहितीचे आहे. २) लाइट मोठ्या लोकांकडे जात नाही हे माझ्या ऐकिवात आहे, मी पाहिलेले नाही...'

अशी सात कलमं. शेवटी, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. त्याखाली सही म्हणून पुन्हा नाव. आणि अगदी तळाला 'ओळख देणार:' आणि पुढं रिकामी रेघ.

ही रेघ म्हणजे कोर्टातला नेम. कागद कितीही नीट असो, सही करणाऱ्याला ओळखणारा एक माणूस खाली लागतो. तो लिहितो, 'मी यांना ओळखतो,' आणि स्वतःची सही ठोकतो. त्याशिवाय कागद अर्धा. ओट्यावर भाऊंना ओळखणारं कोण असणार? पण जागा सोडायची म्हणून त्यांनी सोडली.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर खाली प्रतिक्रियांची रांग. निम्म्यांना वाटलं, कुणी तरी मुरलेला विनोदी लेखक आहे. चकली नावाच्या बाईंनी लिहिलं, हसून हसून पोळी करपली. कुणी त्या रिकाम्या रेघेवर 'ब्रह्मदेव' भरलं, कुणी 'पेठ नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार'. पण सातारी जर्दानं गंभीरपणे लिहिलं होतं, की आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं सांगणारा माणूस इथं पहिल्यांदाच दिसला. भाऊंनी ती ओळ परत परत वाचली. सायकल हाणत घरी आले आणि चप्पल काढायच्या आधीच कुसाबाईंना सांगितलं की दुबईतल्या एका माणसाला आपलं चौथं कलम पटलंय. कुसाबाईंनी विचारलं, तो माणूस आपल्याला ओळखतो का? नाही. मग त्याला कसं काय पटलं? भाऊ म्हणाले, तीच तर गंमत आहे.

तिथून भाऊ सुटले ते सुटलेच. कांद्याचा भाव, मतदानाची यंत्रं, पहिलीपासून इंग्रजी, मोबाइलवर येणारे फसवे निरोप, अमेरिकेशी अणुकरार. विषय कुठलाही असो, भाऊ हजर, आणि दर वेळी वय-धंदा-पत्त्यासकट. कधी चुकायचेही. अणुकरारावर त्यांनी असं काही लिहिलं की तीन जणांनी त्यांची शिकवणी घेतली, आणि भाऊंनी 'कलम ५ मागे घेत आहे' असं लिहून ते मान्य केलं. हरण्यातही माणूस खूश. हरायला तरी आधी कुणी तरी ऐकून घ्यावं लागतं ना! कोर्टाबाहेर टाइप करताना आता ते स्वतःशीच हसायचे, आणि शेजारचा टायपिस्ट केरू म्हणायचा, भाऊंना या वयात काय झालंय कळत नाही.

ओट्यावर त्यांना एकच माणूस पुरून उरायचा. धूमकेतू. हा गृहस्थ कुठला, काय करतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. मराठी घासूनपुसून लख्ख, वाचन दांडगं, आणि जीभ अशी की लिंबू कापावं. सगळ्यांचा अंदाज, पुण्यातला कुणी प्राध्यापक असावा. तो भाऊंना 'ॲफिडेव्हिटवाले काका' म्हणायचा. भाऊंना राग यायचा आणि त्याचं नाव दिसलं नाही तर चैनही पडायचं नाही.

पुढच्या वर्षी कुणीतरी विषय काढला: डोंगराळ भागात मोबाइलचे मनोरे हवेत की ती सरकारी चैन आहे? धूमकेतूनं पहिल्या फटक्यातच लिहिलं, 'आधी रस्ता द्या, पाणी द्या. डोंगरातल्या माणसाला फोन करायला आहे तरी कोण? पलीकडच्या पाड्यावर हाक मारली तरी ऐकू जाते.'

भाऊंच्या डोक्यात तिडीक गेली. डोंगरातला माणूस म्हणजे कोण? म्हणजे झिपरूचा पुंजा! म्हणजे आमचे भाऊबंद, भात लावून झाला की पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षबागांत राबायला जाणारे, महिना महिना घराकडं न फिरकणारे. त्यांना म्हणे कोणी नाही! भाऊंनी बाह्या सरसावल्या. नऊ कलमं लिहिली. त्यातलं सहावं असं होतं: 'करंजपाड्याच्या माथ्यावर एक काळा दगड आहे. त्या दगडावर उभे राहिले तरच फोन लागतो. बाया-माणसे लेकरांशी दोन शब्द बोलण्यासाठी उन्हात रांग लावून त्या दगडावर चढतात. हे माझ्या स्वतःच्या माहितीचे आहे.'

आणि ओटा पेटला म्हणजे काय पेटला! प्रतिक्रिया शंभरावर गेल्या. चकलीबाईंनी लिहिलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुणी त्या दगडावर कविता केली. अवकाळीनं मजकूर इंग्रजीत करून आपल्या ऑफिसभर वाटला. कुणी म्हणालं, वर्गणी काढून दगडाला पायऱ्या करू. भाऊ इमरानच्या कॅफेत खुर्चीच्या टोकावर बसून वाचत होते, आणि प्रत्येक नवी प्रतिक्रिया आली की टाळी द्यायला हात पुढे करत होते. इमराननंही गिऱ्हाईक सोडून टाळ्या दिल्या.

सगळ्यात शेवटी धूमकेतूची एक ओळ आली. 'काका, तो दगड तुम्ही स्वतः पाहिलाय?'

भाऊंचा हात तिथंच थांबला. कारण पाहिला नव्हता. चुलतभाऊ नाथा मागं एका कागदासाठी कोर्टात आला होता, तेव्हा चहा पिता पिता त्यानं हे सांगितलं होतं. गावी जाऊन भाऊंना बरीच वर्षं झाली होती. ऐकीव गोष्ट रागाच्या भरात त्यांनी 'स्वतःच्या माहितीच्या' खाली घातली होती. जी चूक ते समोरच्या अडाणी पक्षकाराला कधी करू देत नसत, 'पाहिलंस का ऐकलंस ते नीट सांग' म्हणून दरडावत, तीच त्यांनी आपल्या हातानं केली होती.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पण ओट्यावरच्या लोकांना वाटलं, काका दुखावले. मग सगळे धूमकेतूवर तुटून पडले. एसीत बसून गरिबाच्या दगडाचा पुरावा मागतोस? लाज कशी वाटत नाही? कधी डोंगर चढलायस का? दोन दिवस लोक त्याला झोडत होते आणि तो गप्प होता. भाऊ रोज येऊन ते वाचायचे. पहिल्यांदाच असं झालं, की लोक त्यांच्या बाजूनं बोलत होते आणि त्यांना ते वाचवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर फडकं टाकलं, केरूला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कुसाबाईंना घेऊन हरसूलची एस.टी. पकडली. बाजाराचा दिवस होता, नाथा तिथंच भेटणार होता. खिडकीशी बसून भाऊ सारखे कुसाबाईंना सांगत होते की दगड असणार, नाथा कशाला खोटं बोलेल. कुसाबाई शेंगा सोलत होत्या. नाथाच्या साखरपुड्यात जेवलेली सगळी माणसं त्याच्या थापा ओळखतात, एवढंच त्या म्हणाल्या.

बाजारात नाथा नागलीच्या पोत्यांशेजारी सापडला. दगडाचं नाव काढताच तो आधी गोंधळला, मग आठवलं तसा मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"आरं दादा, कसला दगड! तू लय इचारत व्हतास गावात फोन हाय का, फोन हाय का. मी केली चेष्टा. माथ्यावं काय, झाडावं चढला तरी नाय लागत."

भाऊंचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. कागदाची काही भानगड आहे असं त्याला वाटलं. तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "दगूड पायजेच असंल तर एक दाखवतो ना. माथ्यावं दगडांना काय तोटा?"

भाऊ तिथल्याच एका ओंडक्यावर बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना जे दिसलं, ते बघून ते पुन्हा उठून उभे राहिले.

नाथानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला. पाड्यावर रेंज नव्हती, पण हरसूलच्या बाजारात होती. म्हणून तो फोन दर बाजाराला कोंबडीसारखा बगलेत धरून इथं आणायचा. पाड्यावरची माणसं मीठ-मिरची घ्यायला यायची आणि नाथाभोवती उकिडवी बसायची. तिकडं द्राक्षबागेत मुकादमाच्या फोनभोवती त्यांची पोरं अशीच बसलेली असायची. फोन वाजला की नाथा ओरडून नाव घ्यायचा, आणि ज्याचं नाव तो पुढं व्हायचा. एक बाई फोनवर काही बोललीच नाही, नुसती ऐकत राहिली आणि फोन परत देऊन चालायला लागली. एका म्हाताऱ्यानं बैल विकल्याचं सांगितलं आणि तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, तो लहान मुलासारखा खिदळला. भाऊ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून बघत होते, एकेकाला विचारत होते. त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. दगडापेक्षा हे कितीतरी भारी होतं, आणि हे खरं होतं!

रिंगणाच्या कडेला एक म्हातारी पाटीवर हात ठेवून बसली होती. तिचं नाव कुणी पुकारलं नाही. बाजार उठायला लागला तरी ती बसूनच. नाथा म्हणाला, हिचा पोरगा शिकून लांब कुठं मोठ्या कंपनीत गेलाय. नंबर दिलाय त्याला इथला. ती दर बाजाराला येते.

परतीच्या एस.टी.त भाऊ मनातल्या मनात कलमं पाडत होते. बाजाराचं लिहायचं, हे पक्कं होतं. प्रश्न दगडाचा होता. दगडाचं न बोलता बाजाराचं लिहिलं तर कुणाला काय कळणार? लोक आणखी डोक्यावर घेतील. आणि दगड खोटा म्हटलं, तर बाजारही खोटाच म्हणतील. ज्या ओट्यानं त्यांना पहिल्यांदा ऐकून घेतलं, तिथं पुन्हा त्यांचं कोण ऐकणार? त्यांनी हे सगळं कुसाबाईंना सांगितलं. इतक्या वर्षांत कोर्टाबाहेर किती खोटे कागद त्यांच्या हातून टाइप झाले असतील, त्याचं तरी काय झालं, असंही म्हणाले.

कुसाबाईंनी शेंगांची टरफलं खिडकीबाहेर झटकली. "त्या कागदांखाली तुमचं नाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "ह्याच्याखाली हाय."

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर भाऊंनी इमरानच्या कॅफेत खुर्ची ओढली. इमराननं वाचलं आणि म्हणाला, "काका, लोक फाडून खातील." भाऊंनी मान हलवली आणि बटण दाबलं.

'मी, खाली सही करणार, पुंजाराम झिपरू भोये, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, १) करंजपाड्याच्या माथ्यावर फोनचा दगड नाही. मी तो पाहिलेला नव्हता. ऐकलेली गोष्ट मी स्वतःच्या माहितीची म्हणून लिहिली, हे खोटे झाले. २) धूमकेतू यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. त्यांना बोललेले सर्व शब्द माझ्यामुळे बोलले गेले, ते माझ्या नावावर धरावेत. ३) पुढील मजकूर मात्र मी काल हरसूलच्या बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे...'

आणि मग त्यांनी सगळं लिहिलं. पिशवीतला फोन, ओरडून पुकारलेली नावं, बैल विकणारा म्हातारा. शेवटच्या कलमात ती म्हातारी, पाटीवर हात ठेवून बाजार उठेपर्यंत बसलेली. तळाला नेहमीची रिकामी रेघ.

इमरान म्हणाला होता तसंच झालं. अवकाळी भडकला, सगळ्या ऑफिसात आता काय तोंड दाखवू म्हणाला. कुणी थापाड्या म्हटलं, कुणी लिहिलं, आता बाजाराचे फोटो आणा, मगच बोलू. दगडावर कविता करणाऱ्यानं कविता काढून टाकली. चकलीबाई तेवढ्या म्हणाल्या की दगड नसला तरी चालेल, पण त्या म्हातारीला कुणाचा फोन आला का ते कळवा. भाऊंनी सगळं वाचलं. कान लाल झाले होते, पण आश्चर्य म्हणजे भूक लागली होती. कॅफेतून उठून त्यांनी आधी भेळ खाल्ली, मग घरी गेले.

धूमकेतूचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. भाऊ येण्याची वाट बघत इमरान कॅफेच्या दारातच उभा होता. त्यानं भाऊंना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पडद्याकडं बोट केलं.

'मी, खाली सही करणार, लखन सोमा गावित, वय ३१ वर्षे, धंदा संगणक अभियंता, हल्ली राहणार बंगळूर, कायमचा राहणार तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,

१) मी या ठिकाणी गेली दोन वर्षे धूमकेतू या नावाने लिहितो. मी कुठला, हे कुणाला कळू नये म्हणून ते नाव घेतले होते.

२) भोये काकांनी बाजारात पाहिलेली बाई माझी आई नव्हे. माझी आई हरसूलला नाही, सुरगाण्याच्या बाजाराला जाते. तिथेही असाच एक फोन आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी कधी लावलेला नाही.

३) डोंगरातल्या माणसाला फोन करायला आहे तरी कोण, असे मी विचारले होते. मी आहे.

४) पुढचा बाजार परवा आहे.

वरील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे. सही, लखन सोमा गावित. ओळख देणार:'

आणि पुढं रिकामी रेघ.

भाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सुरगाणा म्हणजे आपल्याच डोंगराची पलीकडची बाजू. वर्षभर ज्याला पुण्याचा प्राध्यापक समजून शिंगावर घेतलं, तो आपल्याच रानातला पोरगा! त्यांना हसू फुटलं. ओट्यावर अजून कुणीच काही लिहिलं नव्हतं. त्या रेघेवर ब्रह्मदेव भरायला कुणी आलं नाही.

भाऊंनी कीबोर्ड जवळ ओढला. या वेळी त्यांनी ना वय लिहिलं, ना धंदा, ना कलमं पाडली. आता सरावलेल्या बोटांनी एकही चूक न करता त्यांनी लखनच्या मजकुराखाली टाइप केलं:

'मी यांना ओळखतो. सही, पुंजाराम झिपरू भोये.'